तिसरं पत्र

सोमवार, ३

आज रुजू झालो. बावीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर शाळेला साक्षात्कार झाला की मुलांना संस्कृतपेक्षा संगणक बरा, आणि मी एक्कावन्नाव्या वर्षी विमानतळावर आलो. प्रवासाला नव्हे, नोकरीला. विमान कंपनीच्या ‘प्रवासी पत्रव्यवहार’ या खोलीत अधिकारी मीच, कारकून मीच आणि शिपाईही मीच. तिघांपैकी एकच मागे उरला की व्याकरणात त्याला एकशेष म्हणतात. इथे हे कोणाला सांगू, म्हणून वहीला सांगतो.

काम सोपं आहे. विमानतळावर ज्यांची गैरसोय झाली ते तक्रार लिहितात, मी उत्तर लिहितो. कंपनीची रीत मला फार आवडली. प्रत्येक तक्रारीला तीन पत्रं जातात. पहिल्यात दिलगिरी. दुसऱ्यात, काय सुधारणा केली ते. तिसऱ्यात निमंत्रण: आमचे पाहुणे म्हणून या, लाउंजमध्ये बसा आणि सुधारणा झाली की नाही ते तुम्हीच सांगा. माणूस स्वतः येऊन बसेपर्यंत तक्रार बंद होत नाही. इतका प्रामाणिकपणा मी कुठल्याही कचेरीत पाहिलेला नाही, आमच्या शाळेत तर नाहीच.

सुविधांचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, इतकं मऊ बोलतात की ऐकणाऱ्यानं कान पुढे न्यावा. दिवसभर उभेच असतात. त्यांचा हात मात्र ओला. हस्तांदोलनानंतर मी माझा हात हळूच रुमालाला पुसला, तर रुमाल चिकट झाला. माझ्या आधी इथे एक बाई होत्या. त्यांची तिसरी पत्रं म्हणे फार कोरडी असत, माणसं येतच नसत. माझा अर्ज वाचून साहेबांना वाटलं, हा गृहस्थ कोणालाही घराबाहेर काढील. मी ही स्तुती समजलो.

ही वहीही कंपनीचीच भेट. निळा जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट. चौकट कशासाठी, असं विचारलं तर साहेब म्हणाले की जे दिसेल, खुपेल ते लिहीत जा, चौकटीचं आम्ही पाहू. वही रोज संध्याकाळी टेबलावरच ठेवून जायची. मी रोजनिशी लिहायचं ठरवलं. फुकटची वही आणि फुकटचं मन, दोन्ही रिकामी ठेवू नयेत.

मंगळवार, ४

लाउंज पाहिलं. अठ्ठेचाळीस खुर्च्या. मी मोजल्या, कारण माहितीपत्रकात आकडा चुकला तर पहिली तक्रार माझ्यावरच यायची. गव्हाळ रंगाचं चामडं, उंच पाठी, जाड गालिचा. खिडकी एकही नाही. दिवे असे की सकाळचे दहा आणि दुपारचे चार एकसारखेच. वरवर कुठल्याशा फुलांचं अत्तर, त्याच्या खाली मात्र ओले केस तसेच टॉवेलात गुंडाळून ठेवल्यावर येतो तो वास.

सफाईच्या मावशी खुर्च्या पुसत होत्या. कोमट पाण्याची बादली, मऊ कापड. आधी पाठ, मग दोन्ही हात, मग खालच्या घड्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसतात तसं. मी शहाणपणा केला, म्हटलं फवारा मारला तर पाच मिनिटांत होईल. त्या म्हणाल्या की गार लागलं की आक्रसतात. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. बादलीतलं पाणी राखाडी झालं होतं आणि त्यावर काळसर वळ्या तरंगत होत्या, पाठ घासल्यावर मळाच्या निघतात तशा. सकाळचा चहा घशापर्यंत आला आणि माझ्या वयाचा मान राखून परत गेला.

बाकी उत्तम. माझी कचेरीतली खुर्ची तेवढी वैरीण आहे. डाव्या कुल्ह्याखाली काहीतरी सारखं टोचतं. शिवाय तिच्या पाठीला बामचा वास येतो. आधीच्या बाईंचं डोकं दुखत असावं.

बुधवार, ५

खुर्ची सुधारली. कोणी, कधी, कळलं नाही. डाव्या बाजूला नेमका माझ्या कुल्ह्याएवढा खळगा पडलाय. कंपनीत काम बोलण्याआधी होतं, हे साहेबांना सांगितलंही.

आज तक्रारींचा गठ्ठा फोडला. एक निवृत्त भूमितीचे शिक्षक लिहितात की खुर्चीचा हात लाकडासारखा कडक, कोपर सोलून निघालं. मास्तरकीचं नातं, त्यांना मनापासून लिहिलं. दुसऱ्या पत्रात ‘खुर्चीचे हात मऊ केले आहेत’ असं लिहायचं होतं, म्हणून साहेबांना विचारलं की केले आहेत का. ते म्हणाले, आपण आधी लिहितो, सुधारणा मागाहून होते. आमच्या दरबारी कवींचीही रीत हीच होती: आधी स्तुती, मग राजाला गुण येत. तिन्ही पत्रं हातोहात गेली. गुरुजी गावातच राहतात, परवा येतो म्हणाले.

आणि गठ्ठ्यात तळाशी कोणाचं अक्षर? ताईचं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ती चौदाची; मला तिनंच वाढवलं. त्याच साली माझं दूध उतू जात असताना पातेलं उचलायला धावली आणि डाव्या मनगटावर भाजली. पिंपळाच्या अर्ध्या पानासारखा तो डाग अजून आहे, आणि अजूनही मी तिचं ऐकलं नाही की ती बांगड्या मागे सारून तो दाखवते. गेल्या महिन्यात भाचीकडे जाताना ती या विमानतळावर पाच तास अडकली होती. मी इथे यायच्या आधीची गोष्ट. तक्रार अस्सल तिचीच: खुर्ची अशी की बसलं तरी उभं असल्यासारखं वाटतं, पाय टेकायला काही नाही, सुजलेले गुडघे प्रवाशानं डोक्यावर ठेवायचे काय.

मी एकटाच खुदुखुदु हसलो. तिला ओळख न देता पहिलं पत्र लिहिलं. तीनदा ‘क्षमस्व’, दोनदा ‘आदरणीय भगिनी’. तिची थट्टा करण्याची संधी मी आयुष्यात सोडलेली नाही. तिच्या लग्नानंतर नगरपालिकेच्या नावानं तिला कळवलं होतं की आपल्या घोरण्यानं गल्लीतल्या काचा तडकल्या असून अधिकारी पाहणीला येत आहे. तिनं त्या अधिकाऱ्यासाठी अख्खं घर आवरलं होतं.

शुक्रवार, ७

ताईचं दुसरं आणि तिसरं पत्र पाठवलं. तिसरं तर माझ्या लेखणीतून आजवर उतरलेलं सर्वोत्तम गद्य आहे. तिला काय काय लागतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? गुडघ्यांखाली उशी, पण फार उंच नको. शाल, पण टोचणारी नको. पाणी, गार नाही आणि गरमही नाही. उजव्या कुशीला जरा कल. कोणी मोठ्यानं बोलू नये. सगळं लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे ओले दिसले. ते म्हणाले, इतकं तपशीलवार आजवर कोणी लिहिलं नव्हतं. गुरुवार, वीस तारखेचं, अकराला इथे उतरणाऱ्या विमानाचं तिकीटही सोबत गेलं.

दुपारी गुरुजी आले. उंच, शिडशिडीत, हातात काळी छत्री, दंडावर देवीच्या लशीचा मोठा व्रण. बसण्यापूर्वी त्यांनी खुर्चीचा कोन डोळ्यांनी मोजला. बसले आणि त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो मी फक्त आजारी माणसाला कुशीवर वळवताना ऐकला आहे. मला म्हणाले, अहो, हात खरंच मऊ झालाय. मग डोळे मिटले. मला फोन आला म्हणून मी वर गेलो. अर्ध्या तासानं परतलो तर गुरुजी नव्हते. साहेब म्हणाले, समाधान झालं, तक्रार बंद. छत्री मात्र राहिली.

सोमवार, १०

सकाळी गुरुजींच्या मुलाचा फोन. बाबा शुक्रवारपासून घरी आले नाहीत. तुमचं पत्र हातात घेऊन निघाले होते, म्हणाला. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की आपण माणसाला आणतो, धरून ठेवत नाही.

छत्री न्यायला लाउंजमध्ये गेलो. खुर्च्या एकोणपन्नास. तीनदा मोजल्या. नवी खुर्ची दुसऱ्या रांगेच्या टोकाला, इतरांहून जरा उंच, शिडशिडीत. तिच्या उजव्या हातावर, वरच्या बाजूला, रुपयाएवढा गोल खडबडीत व्रण.

कारखान्यातला दोष असेल. असं मी स्वतःला सांगितलं. मग बोटानं दाबून पाहिलं. चामडं दबलं, तिथे पांढरं पडलं आणि हळूहळू पुन्हा लाल झालं.

हात साबणानं धुतला. मग पुन्हा धुतला. वास जात नाही. तो साहेबांच्या हाताचाच वास आहे.

बुधवार, १२

किळस आल्यावर माणूस दूर जातो, असं वाटत होतं. तसं नसतं. किळस पुन्हा बघायला लावते.

पुन्हा गेलो. जवळून पाहिलं. चामड्याला बारीक छिद्रं आहेत, आणि प्रत्येक छिद्रातून लव. शिवणीच्या कडेला पिवळी पापडी धरलेली, सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं असतात तशी. पाठीवर एक मस, तिच्यात एक राठ पांढरा केस. का ते सांगता येणार नाही, पण मी तो उपटला.

खुर्ची दचकली.

केसाच्या टोकाला मूळ होतं, ओलं आणि पांढरं. मस लाल झाली, तिथे थेंब आला. मी कुंडीत ओकलो. मावशी धावत आल्या, पण माझ्याकडे नव्हे; खुर्चीला फुंकर घालायला. मला रागावल्या. म्हणाल्या, गुरुजी नवे आहेत, अजून हुळहुळे आहेत, त्यांना असं करू नका.

मग त्यांनी सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तितक्या सहज. पहिल्या रांगेतले तिसरे ते शिंपी. त्यांच्या शेजारच्या दूधवाल्या बाई, त्यांना घाम फार. कोपऱ्यातले दोघे सख्खे भाऊ. तिसऱ्या रांगेत पाचवे त्यांचे स्वतःचे मालक, आठ वर्षं झाली. म्हणून तर मावशी सुट्टी घेत नाहीत, दुसऱ्या कोणाच्या हाताला ते अंग सैल सोडत नाहीत. मी विचारलं, ओरडत का नाहीत? म्हणाल्या, दुखतच नाही तर ओरडतील कशाला? तक्रारच उरत नाही.

निघताना मी चाचरत विचारलं, माझ्या आधीच्या बाई कुठे गेल्या. मावशींनी वर, माझ्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या की तुम्ही रोज बसता की त्यांच्यावर.

हे मी उभ्यानं लिहितो आहे.

शुक्रवार, १४

दोन दिवस फक्त ताई डोक्यात. तिला काहीही करून थांबवायचं.

फोन केला. घंटा वाजायच्या आत तिनं उचलला आणि हसायलाच लागली. पहिल्या पत्रातच ओळखलं म्हणाली, तीनदा क्षमस्व म्हणणारा गाढव या पृथ्वीवर एकच आहे. मी म्हटलं, ताई, येऊ नकोस. ती म्हणाली, का, पंडित (मला ती पंडितच म्हणते) गणवेशात विदूषक दिसतो की काय, आता तर बघायलाच येते. मी सगळं सांगितलं. खुर्च्यांचं, गुरुजींचं, केसाचं. ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, माणसांच्या खुर्च्या होतात तर आधी तुझ्या भाऊजींना पाठवते, तीस वर्षं ते खुर्चीच आहेत, तुमच्या कंपनीला फारसं कामही पडायचं नाही. मी रडायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, नगरपालिकेच्या वेळीही तू असाच फोनवर रडला होतास, मी वेडी होते, आता नाही.

खरं आहे. रडलो होतो. छान जमलं होतं.

भाऊजींना फोन द्यायला लावला. भाऊजी देवमाणूस, म्हणाले की ती आठवडाभर गुडघ्याचं दुखणं विसरून बॅग भरतेय, तुझं ते तिसरं पत्र शेजारणीला तीनदा वाचून दाखवलं, आता नाही म्हणून तिचा विरस करू नकोस रे.

आयुष्यभर थट्टा केली त्याचं फळ हे. खरं बोलायची वेळ आली तर तोंडाला पत नाही.

विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग कंबर चोळत म्हणाला, माझीही एक तक्रार आहे, चौकीतलं स्टूल फार कडक आहे, तुम्हीच लिहिता ना ती पत्रं?

साहेबांना सांगून आलो की यापुढे एकही तिसरं पत्र लिहिणार नाही. ते म्हणाले, हरकत नाही. तुमची शैली आम्ही उतरवून घेतली आहे.

सोमवार, १७

आज वहीची मागची पानं उलटली. प्रत्येक पानाच्या तळाशी, त्या चौकटीत, निळा शिक्का. दखल घेतली. तीन तारखेपासून. ‘डाव्या कुल्ह्याखाली टोचतं’ याच्या खाली शाईची बारीक रेघही ओढलेली आहे.

म्हणजे मी रोजनिशी लिहीत नव्हतोच. तक्रारवही लिहीत होतो.

वही फाडणार होतो. मग वाटलं, इथे लिहिलेलं घडतंच ना? मग हेच हत्यार. पूर्वी राजाकडे अर्ज करत तसा सविनय अर्ज करतो, शुद्ध भाषेत, अर्थाला फाटा न फुटेल असा:

तक्रार. माझ्या बहिणीला दिलेलं निमंत्रण मला असह्य होत आहे. ते रद्द करावं. तिला काही होऊ नये. ती दुखावू नये. मी तिच्यावाचून राहू शकत नाही.

सही केली. वही उघडी ठेवून जातो.

मंगळवार, १८

शिक्का आहे. दखल घेतली.

टेबलावर पाकीट. माझ्या नावाचं. पहिलं पत्र. दिलगिरी. तीनदा क्षमस्व, दोनदा ‘आदरणीय बंधू’. वाक्यं माझी. विराम माझे. मी जिथे स्वल्पविराम द्यायला विसरतो, तिथेही तो नाही.

खुर्चीवर बसत नाही. जमिनीवर बसलो तर ती वळून— बामचा वास जवळ आला.

ताईला अकरा फोन. उचलत नाही. भाऊजींनी उचलला. ती म्हणते, पंडितचं नाटक चालू आहे, प्रत्यक्ष भेटीतच कान धरीन.

बुधवार, १९

दुसरं पत्र. सुधारणा.

‘आपल्या भगिनी दुखावणार नाहीत, अशी व्यवस्था पूर्ण झाली आहे. आपण त्यांच्यावाचून राहू शकत नाही, हे आमच्या ध्यानी आले. शेजारील जागा राखून ठेवली आहे.’

ही माझीच चूक. एक वाक्य जास्त लिहिलं. ‘रद्द करावं’ इथेच थांबायचं होतं. विद्यार्थ्यांना बावीस वर्षं सांगत आलो, अर्जात भावना घालू नका.

लाउंजमध्ये गेलो. एक्कावन्न. शेवटच्या दोन अजून झालेल्या नाहीत— चामडं नाही. खाली जे आहे ते फिकट गुलाबी, ओलं, दिव्यात चकाकणारं, सोललेल्या सशासारखं. एकीला गुडघ्यांच्या जागी उशी, फार उंच नाही. उजव्या कुशीला कल. दुसरीला डाव्या बाजूला खळगा.

काप काप कापाव्यात म्हणून चाकू घेऊन आलो होतो. टोक लावलं. तेव्हा गुरुजींनी सुस्कारा टाकला. मग शिंपी. मग सगळी रांग. आंबट, उपाशी तोंडाचा वास. चाकू गालिच्यावर पडला. गालिच्यानं तो— उचलायला वाकलो तर नखं दिसली. गालिच्याच्या केसांमधून वर आलेली, माणसांची, बारीक, शेकड्यांनी.

उद्या आगमनाच्या दारात उभा राहणार. तिला उचलून बाहेर नेईन. दुसरं काही नाही. फक्त दार.

गुरुवार, २०

सकाळी आठपासून दारात.

अकरा. विमान उतरलं. माणसं आली. ताई नाही.

शेवटचा प्रवासी. ताई नाही. सामानवाला म्हणाला, कंपनीच्या पाहुण्यांचा रस्ता वेगळा आहे, ते विमानातून थेट लाउंजमध्ये जातात.

मी लिहायला हवं होतं कुठेतरी, की—

ती बसली आहे.

नवी कोरी निळी साडी. गुडघे उशीवर. मला पाहून हसली, म्हणाली, पंडित, तू वाळलास किती. मी हात धरून ओढला. डावा. मनगट आलं नाही. कातडी ताणली गेली, खुर्चीच्या हाताबरोबर ताणली गेली, मध्ये शिवण नाही. डाग आता मनगटावर संपत नाही. पिंपळाचं पान पुरं झालंय. उरलेलं अर्धं खुर्चीवर.

दुखतं का, विचारलं. नाही म्हणाली. किती वर्षांनी गुडघे दुखत नाहीत, म्हणाली. उजव्या हातानं माझे डोळे पुसले. हात ओला होता. चिकट. मला शिसारी आली. माझ्या ताईच्या हाताची मला शिसारी आली, हे इथे लिहून ठेवतो, कोणीतरी दखल घ्या.

म्हणाली, ते सगळं तू खरं सांगत होतास होय रे. मग म्हणाली, पत्र मात्र सुंदर लिहिलं होतंस.

चार वाजले असतील. किंवा दहा. दिवे तेच.

ती आता बोलत नाही. सुस्कारे टाकते. ओठ अजून आहेत.

तिसरं पत्र माझ्या खिशात आहे. कोणी ठेवलं माहीत नाही. वाचणार नव्हतो. वाचलं. मला काय लागतं ते सगळं त्यात आहे. लहानपणी ताप आला की ती डोक्याशी बसून कपाळावर हात ठेवायची, तेही आहे. हे तर मी वहीत लिहिलं नव्हतं. मग कोणी सांगितलं— तिनंच.

उत्तम पत्र आहे. एक शब्द बदलता येणार नाही. असं पत्र आल्यावर कोण येणार नाही.

तिच्या पायाशी जमिनीवर बसलो होतो. मावशी म्हणाल्या, खाली नका बसू साहेब. ज्यांना कोणी पत्रच लिहिलं नाही, त्यांचा गालिचा आहे. नखं पायजम्यातून—

म्हणून वर बसलो. फक्त तिचा हात धरता यावा म्हणून. उठणार आहे.

ऊब आहे. खालून ओल येते. पाठीशी काहीतरी श्वास घेतं, माझ्याच लयीत. सगळं अंग शहारून उठलं आणि मग तेही थांबलं. डावा कुल्हा टोचत नाही. मुळीच टोचत नाही. लिहायला उजवा हात मोकळा ठेवलाय त्यांनी, हे सौजन्य म्हणायला—

मावशींनी बादली आणली. विचारतात, पाणी फार गरम नाही ना. नाही. कपाळावर ताईचा हात आहे, की चामडं, ते कळत नाही, पण आहे. माझी काही तक्रार—